हायपरपोलरायझेशन केलं तरी सिग्नल येत नाही? या चुका टाळा

पोलरायझर (गोठवलेल्या सॅम्पलमधल्या अणुकेंद्रकांचं पोलरायझेशन, म्हणजे एका दिशेला वळलेल्यांचं जादा प्रमाण, मायक्रोवेव्हने वाढवणारं यंत्र) तासभर चालला, बिल्डअप (पोलरायझेशनची वाढ) मस्त दिसला आणि शेवटी स्पेक्ट्रम काढला तर सिग्नल जेमतेम. अशा वेळी बरेच जण मायक्रोवेव्हची फ्रिक्वेन्सी बदलत बसतात. माझं म्हणणं, आधी डिसोल्यूशननंतरचं (गोठलेलं सॅम्पल गरम सॉल्व्हंटने विरघळवल्यानंतरचं) मिनिटभर तपासा, माती तिथेच होते. साध्या एनएमआरमध्ये (चुंबकात अणुकेंद्रकांचा सिग्नल मोजायची पद्धत) 9.4 टेस्लाला कार्बन-13 चं पोलरायझेशन दहा लाखात 8 एवढंच, पण ते आपोआप परत भरतं. इथे 30-40 टक्के मिळालं तरी एकदा गेलं की गेलं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे रोजची पॅरामीटर फाइल तशीच रन करणं. त्यातला 90 अंशाचा पल्स पहिल्याच फटक्यात सगळं संपवतो, आणि डमी स्कॅन (डेटा न नोंदवता मारलेले पल्स) चालू राहिले असतील तर डेटा घ्यायच्या आधीच खेळ खल्लास! डमी शून्य करा, पल्स 5 ते 10 अंशाचा ठेवा. 10 अंशाला दर वेळी दीड टक्काच खर्च होतो, म्हणजे 30 पल्सनंतरही (टी-वनची घट, म्हणजे वेळेबरोबर आपोआप होणारी, सोडून) 63 टक्के शिल्लक. ऑटो गेनही (रिसीव्हर सिग्नल किती मोठा करणार ते आपोआप ठरवणं) बंद, नाहीतर एकतर तोच पल्स मारून सिग्नल खातो किंवा थर्मल (हायपरपोलराइझ न केलेल्या) सॅम्पलवर गेन चढवून ठेवतो, मग रिसीव्हर ओव्हरफ्लो होतो, एफआयडीची (पल्सनंतर विरत जाणाऱ्या सिग्नलची) सुरुवात कापली जाते आणि बेसलाइन डुलायला लागते. शिमिंग-ट्यूनिंग (फील्ड एकसारखं करणं, प्रोब जुळवणं) तेवढ्याच सॉल्व्हंटच्या दुसऱ्या ट्यूबवर आधीच उरकून घ्या.

मग ट्रान्सफर, म्हणजे सॅम्पल पोलरायझरमधून स्पेक्ट्रोमीटरपर्यंत नेणं. पायरुवेटच्या पहिल्या कार्बनचा टी-वन साधारण मिनिटभर, म्हणजे 30 सेकंद गेले की उरलं 60 टक्के. हायड्रोजन जोडलेला कार्बन निवडला असेल तर तो काही सेकंदांतच संपतो, तिथे धावपळ करून उपयोग नाही. टेम्पोसारखं रॅडिकल (पोलरायझेशनसाठी घातलेला, सुट्या इलेक्ट्रॉनचा रेणू) असेल तर ते निकामी करायला सॉल्व्हंटमध्ये ॲस्कॉर्बेट घाला, धातूच्या आयनांना बांधून ठेवायला ईडीटीए, आणि वाटेत चुंबकीय फील्ड अगदी खाली जाऊ देऊ नका.

सॅम्पलवरच संशय असेल तर एक थेंब लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकून बघा. काचेसारखा पारदर्शक मणी झाला तर ठीक, पांढरा पडला तर क्रिस्टल झालेत आणि रॅडिकल बाजूला ढकललं गेलंय, मग ग्लिसरॉल किंवा डीएमएसओ वाढवा. शुद्ध पायरुविक ॲसिडला ही भानगड नाही, ते स्वतःच ग्लास बनवतं.

आणि हो, सिग्नल ‘50,000 पट’ वाढला असं छापण्याआधी थर्मल रेफरन्सला (तुलनेसाठीच्या साध्या स्पेक्ट्रमला) पाच टी-वन थांबलात का, गेनचा फरक हिशोबात धरलात का ते बघा. घाईत घेतलेला रेफरन्स लहान येतो आणि पट उगाच फुगते.