चानीचं (खारीचं) थंड पडलेलं पिल्लू सापडलं तर या चुका टाळा

पावसाळ्यात वारा सुटला की आंब्याची फांदी नाहीतर माडाची झावळ पडते, त्याबरोबर चानीचं घरटं खाली, गोव्यात पेडण्यात काय नि सत्तरीत काय सगळीकडे तेच. पिल्लू हाताला थंड लागतं, हलत नाही, आणि घरातलं कोणीतरी लगेच चमच्याने दूध पाजायला बसतं. प्लीज हे करू नका. शरीर थंड असताना पोट काम करत नाही, दूध पचत नाही, गिळायची ताकद नसल्यामुळे ते फुप्फुसात जातं, वर गाईचं दूध असेल तर जुलाब. वाचू शकणारं पिल्लू असं हातचं जातं.

आधी ऊब द्या. बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात नीट गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर त्याला सरकायला जागा राहते. हेअर ड्रायर, कडक ऊन, गरम पाण्यात बुडवणं, यातलं काहीच नको. पिल्लू उबदार होऊन वळवळायला लागलं की टोपलीत ठेवून दिवसाउजेडी त्याच झाडाला बांधा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हा निव्वळ गैरसमज आहे, पिल्लू गरम असेल तर ती बहुतेक वेळा उचलून नेते. संध्याकाळपर्यंत आलीच नाही तर वन खात्याला कळवा, घरी पाळायला ठेवू नका.

दुसरी चूक म्हणजे "हायबरनेशनमध्ये (महिनोन्महिने चालणाऱ्या गाढ झोपेत) गेलंय, झोपू दे". आपली चानी हायबरनेशन करतच नाही! जीव जितका छोटा तितकी वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून उष्णता भराभर निघून जाते, आणि डोळे न उघडलेल्या, केस नसलेल्या पिल्लाला ती परत तयार करता येत नाही. हायबरनेशन ही वेगळीच गोष्ट, त्यात मेंदू स्वतःच तापमान खाली आणतो, आधी साठवलेली चरबी पुरवून वापरली जाते आणि उठायच्या वेळी तपकिरी चरबी जाळून प्राणी आपला आपण गरम होतो. अलास्कातल्या आर्क्टिक ग्राउंड स्क्विरलचं (बिळात राहणाऱ्या खारीचं) शरीर उणे २.९ अंशांपर्यंत उतरलेलं मोजलंय आणि तरी ती उठते, आणि हायबरनेशनला प्रत्येकाला थंडीच लागते असंही नाही, मादागास्करचा एक छोटा लेमूर (माकडांचा दूरचा नातलग) शेपटीतल्या चरबीवर सात-सात महिने झोपून काढतो. पिल्लाकडे यातलं काही नसतं, ते फक्त गारठलेलं असतं.

हॅमस्टर (उंदरासारखा छोटा प्राणी) पाळणाऱ्यांसाठी पण हेच. सीरियन हॅमस्टरला हायबरनेशनसाठी बराच काळ कडक थंडी लागते, साधारण दहा अंशांच्या खाली, ती पणजीच्या फ्लॅटमध्ये कुठून येणार. तो गार आणि सुस्त दिसला तर आजारी समजा, सरळ व्हेटकडे न्या. एसीचा झोत मात्र पिंजऱ्यावर नको.

एप्रिल-मेमध्ये उलटं होतं. चानी गार लादीवर हातपाय पसरून पोटावर पडलेली दिसली की लोक घाबरून बर्फाचं पाणी ओततात. ती पोटातून उष्णता लादीला देत असते, आपल्या दमट हवेत ओल लवकर वाळत नाही म्हणून तिला हा उपाय जास्त कामाचा. सावलीत उथळ भांड्यात साधं पाणी ठेवा, बास.

आणि वटवाघूळ दिवसा गार, निपचित दिसलं तर मेलं असं धरू नका, काही जाती दिवसा शरीराचं तापमान उतरवून शक्ती वाचवतात. उठवलं की जपलेली चरबी फुकट जळते. रेबीजचा धोका असतो म्हणून उघड्या हाताने तर अजिबात नको, जमिनीवर पडलेलं असेल तर वन खात्याला फोन करा आणि मुलांना, कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा.