कन्हानकाठी मोटार लावण्याआधी तवंग बघा

पूर ओसरला. हरभऱ्याच्या ओलितासाठी मौदा, कामठी, पारशिवनीकडे नदीकाठी मोटारी उतरू लागल्या आहेत. नदीच्या पोटात टाकून नंतर वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या पाइपलाइनी असतील, तर त्यांचं दुखणं याच दिवसांत वर येतं. पुराने वरची रेती वाहून जाते, गंजका पाइप उघडा पडतो आणि आत राहिलेलं तेल झिरपतं. (आपल्याकडे तर पुराला रेतीवाल्यांचीही साथ असते.) चालू पाइपही यातून सुटत नाही. जुलै २०११ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन नदीत पुराने तळ खरवडला, पाइप तुटला, आणि सुमारे १,५०० बॅरल, म्हणजे जवळपास २.४ लाख लिटर कच्चं तेल नदीत गेलं. काठची कुरणंही माखली.

पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसला की आधी काडी फिरवा. तवंगाचे फुटक्या काचेसारखे तुकडे झाले आणि वेगळेच राहिले, तर तो बहुधा लोहाच्या जिवाणूंचा. त्याने पिकाचं काही बिघडत नाही. काडीमागे तवंग परत जुळला आणि रॉकेलसारखा वास आला, तर ते तेल. मोटार बंद करा, फूटव्हॉल्व्ह वर काढा. ठिबकमध्ये एकदा तेल गेलं की ड्रिपर साफ करता करता रब्बी निघून जाते. जनावरं लांब ठेवा. बिडी-काडी नकोच.

साबण किंवा निरमा टाकू नका. तवंग दिसेनासा होतो, तेल मात्र पाण्यात मिसळून खाली जातं. त्यापेक्षा कांद्याच्या जाळीदार पोत्यांत कोरडी तणस भरा आणि पोती ओळीने बांधून नाल्याच्या तोंडाशी आडवी तरंगत ठेवा. भिजून जड झाली की बदला. तेलकट तणस जनावरांना घालू नका, जाळूही नका. ताडपत्रीवर वेगळी ठेवा.

साफसफाईला हात लावण्याआधी ११२ वर कळवा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत भरा, प्लास्टिकच्या नको. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात पाइपलाइनची नोंद आहे का, तेही बघा. भरपाई कोणाकडे मागायची ते तिथूनच कळतं.

संत्र्याला खनिज तेल फवारतोच की, असं कोणी म्हणेल. ते शुद्ध केलेलं आणि मापून दिलेलं असतं. हे तेल बुंध्याशी साचलं तर मुळांना हवा मिळत नाही, झाड पिवळं पडतं. थोडंच आलं असेल तर माखलेली माती खरवडून वेगळी काढा. उरलेल्या मातीत शेणखत आणि थोडा युरिया मिसळून ती अधूनमधून हलवत राहा. जिवाणू तेल खातात, पण त्यांना नत्र आणि हवा लागते.