सुरक्षा क्षेत्रातली इंटर्नशिप : बडोद्यातून अर्ज कसा करावा

एम.ए.च्या दुसऱ्या सेमिस्टरला मी घरी जाहीर केलं, "सिक्युरिटीमध्ये इंटर्नशिप करायचीय." दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या काकूने पोळी लाटता लाटता विचारलं, "एवढं शिकून वॉचमन होणार?" तेव्हा राग आला होता. पुढे धाकट्यांचे अर्ज तपासायची वेळ आली, तेव्हा काकूच्या प्रश्नात दम होता हे कळलं. सुरक्षा म्हणजे आपल्यापुरतं नेमकं काय, हे न ठरवताच बरेच जण अर्ज लिहायला बसतात आणि मग उत्तर येत नाही म्हणून कुरकुरतात.

आधी गल्ली ठरवा

पदव्युत्तर विद्यार्थ्याला ढोबळमानाने चार वाटा आहेत.

राज्यशास्त्र, इतिहास, आंतरराष्ट्रीय संबंध, संरक्षणशास्त्र किंवा कायदा शिकणाऱ्यांसाठी धोरण-संशोधन. या संस्था मुख्यतः दिल्लीत. मनोहर पर्रीकर संरक्षण अभ्यास आणि विश्लेषण संस्था १९६५ची, युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन थेट १८७०ची. दोन्ही राव तुला राम मार्गावर. भूदलाच्या विषयांत रस असेल तर सेंटर फॉर लँड वॉरफेअर स्टडीज, समुद्रासाठी नॅशनल मेरिटाइम फाउंडेशन, हवाई दलासाठी सेंटर फॉर एरोस्पेस पॉवर अँड स्ट्रॅटेजिक स्टडीज (आधीचं नाव सेंटर फॉर एअर पॉवर स्टडीज). दिल्ली नको असेल तर मुंबईत गेटवे हाउस आणि बंगळुरूत तक्षशिला आहे.

एम.सी.ए., एम.एस्सी. आयटी वाल्यांसाठी सायबर सुरक्षा. न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) आणि पोलीस-विषयक अभ्यासासाठी आपल्याला लांब जायला नको: राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आणि राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ, दोन्ही २०२०च्या संसदीय कायद्यांनी राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था झाली आणि दोन्ही गांधीनगरकडे आहेत. चौथी वाट कारखान्यांच्या सुरक्षेची. तिच्याकडे कोणी फिरकत नाही, आणि बडोद्यात राहून हे म्हणजे नदीकाठी तहानलेलं राहणं. कोयलीची रिफायनरी, नंदेसरी, मकरपुरा, वाघोडिया, सावली... एवढी रसायनं आणि यंत्रं ज्या गावाभोवती आहेत तिथे एम.बी.ए. किंवा औद्योगिक सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्याला काम शिकायला जागा कमी नाही. तिथला सिक्युरिटी मॅनेजर बहुधा निवृत्त फौजी असतो. त्याला सीव्हीपेक्षा वेळेवर येणारा माणूस जास्त आवडतो.

चारही ठिकाणी अर्ज करू नका. एक मुख्य, एक पर्यायी, बस्स.

दिवाळीत सुरुवात करा

मे-जूनच्या सुट्टीत जायचं असेल तर तयारी दिवाळीच्या सुट्टीत सुरू व्हायला हवी. सगळे मार्चमध्ये जागे होतात आणि तोवर जागा भरलेल्या असतात. प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावरचं इंटर्नशिपचं पान स्वतः वाचा. कालावधी, पात्रता, मानधन, अर्जाची तारीख हे सगळं बदलत राहतं, त्यामुळे सीनियरने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या गोष्टीवर विसंबू नका.

लेखनाचा नमुना : खरी परीक्षा इथे

धोरण-संशोधनाच्या संस्था बहुतेक वेळा तुमच्या लेखनाचा नमुना मागतात. सीव्ही सगळ्यांचे सारखेच असतात; तेच गुण, तोच सेमिनार, तीच एन.सी.सी. फरक पडतो तो नमुन्याने. म्हणून वेळ घालवायचा तर इथे.

माझा पहिला नमुना म्हणजे सेमिस्टरचा चार हजार शब्दांचा निबंध, जसाच्या तसा पीडीएफ करून पाठवलेला. विषय 'भारताची सागरी सुरक्षा'. पहिलं वाक्य असं होतं: "भारताला विशाल किनारपट्टी लाभली असून सागरी सुरक्षा हा अत्यंत महत्त्वाचा विषय आहे." (मूळ इंग्रजीत, नमुना इंग्रजीतच द्यावा लागतो.) हे वाक्य वाचून पुढे कोण जाईल? कोणी गेलंही नाही.

दुसऱ्या वर्षी तोच विषय मी बाराशे शब्दांत आणला आणि सुरुवात अशी केली: "दर १ जानेवारीला आणि १ जुलैला भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात, २००८च्या करारात तसं ठरलं आहे. गुजरातच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या घराला आपला माणूस त्या यादीत आहे हे कधी आणि कसं कळतं, एवढाच या टिपणाचा प्रश्न आहे."

दोन्हींतला फरक बघा. दुसऱ्यात तारखा आहेत, करार आहे आणि उत्तर शोधता येईल एवढा लहान प्रश्न आहे. शिवाय तो प्रश्न गुजरातीत वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसालाच चटकन सुचतो. दिल्लीच्या विद्यार्थ्याकडे नसलेली ही गोष्ट आपल्याकडे आहे. मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी या चार भाषा बडोदेकराला फुकटात येतात. सीव्हीच्या तळाशी 'ज्ञात भाषा' म्हणून त्या पुरून ठेवू नका, कामाला लावा.

विषय शोधायला घराबाहेर बघा. २८ ऑक्टोबर २०२४ला आपल्या शहरात हवाई दलाच्या सी-२९५ वाहतूक विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. एकूण ५६ विमानांपैकी १६ स्पेनमधून तयार आणायची आणि ४० इथे बनवायची असं ठरलं. 'आत्मनिर्भरता' या शब्दावर दहा पानं लिहिण्यापेक्षा, आसपासच्या लहान कारखानदाराला या विमानांचे भाग पुरवणाऱ्यांच्या साखळीत शिरायला कोणती प्रमाणपत्रं लागतात, यावर चार पानं लिहा. किंवा २६/११च्या हल्लेखोरांनी वापरलेली 'कुबेर' ही बोट पोरबंदरची होती. तेव्हापासून मासेमारी बोटींची ओळख पटवण्याच्या पद्धतीत काय बदललं, ते बघा.

साधनं फुकट आहेत. संरक्षण आणि गृह मंत्रालयांचे वार्षिक अहवाल, संसदेच्या स्थायी समित्यांचे अहवाल, लोकसभा-राज्यसभेतली प्रश्नोत्तरं. स्थायी समितीचे अहवाल तर खजिनाच आहे: सरकारने काय म्हटलं, समितीने काय ऐकून घेतलं नाही, सगळं छापलेलं असतं. विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत एक आठवडा बसलात तरी नमुना उभा राहतो. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला ते लिहा. चॅटबॉटकडून लिहून घेतलेला नमुना मुलाखतीत दोन मिनिटांत उघडा पडतो. ते कसं, ते पुढे सांगते.

सायबरवाल्यांसाठी थोडं वेगळं

तुमचा नमुना म्हणजे तुम्ही स्वतः केलेलं काम. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा वेगळा, आभासी संगणक) लावा, त्यातच हल्ला करा, त्यातच बचाव करा आणि काय केलं ते दोन पानांत लिहा. पण कॉलेजच्या किंवा महापालिकेच्या साइटवर 'सहज बघू' म्हणून हात मारू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ६६नुसार अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने, परवानगीशिवाय शिरकाव केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हेतू चांगला होता हे नंतर सांगत बसावं लागतं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश वाचून जा: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, सिस्टिमचे लॉग, म्हणजे तिच्यात आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपायचे. इंटर्नला पहिले काही आठवडे बहुधा हे लॉगच वाचायला देतात. कंटाळवाणं असतं, पण धंदा तोच आहे.

आणि एक. 'इंटर्नशिप हमखास, फी फक्त अमुक रुपये, सर्टिफिकेट घरपोच' अशा जाहिराती सायबरमध्ये पोत्याने येतात. काम शिकवण्याआधी पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

कागद

एनओसी म्हणजे विभागाचं 'हरकत नाही' पत्र. माझं पहिलं पत्र परत आलं, आणि चूक माझीच होती. मी विभागाला फक्त "पत्र हवंय" एवढंच सांगितलं, त्यांनीही तेवढंच लिहिलं. त्यात तारखा नव्हत्या, परीक्षा कधी आहे ते नव्हतं, ही इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग आहे की स्वेच्छेची, तेही नव्हतं. दुरुस्त पत्र मागायला गेले तो नेमकी नवरात्र. बडोद्यात नवरात्रीत सही मागणं म्हणजे काय ते बडोदेकराला सांगायला नको. रात्री दोनपर्यंत गरबा आणि सकाळी सगळं गाव अर्धं झोपेत. तेव्हा मसुदा स्वतः टाइप करून न्या: नाव, अभ्यासक्रम, सेमिस्टर, इंटर्नशिपच्या दोन्ही तारखा, परीक्षेशी टक्कर नसल्याची ओळ, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि शिक्क्यासाठी जागा. तीन मूळ प्रती घ्या.

काही संस्था पोलीस पडताळणी मागतात. इथे खूप जण पासपोर्ट कार्यालयाच्या पोलीस क्लिअरन्सच्या मागे धावतात. ते परदेशी जाणाऱ्यांसाठी असतं. देशातल्या कामासाठी स्थानिक पोलिसांकडचं प्रमाणपत्र लागतं, आणि कोणतं चालेल ते संस्थेला आधी विचारून घ्या. आधार एका पत्त्यावर आणि राहणं दुसरीकडे असेल तर ते आधी निस्तरा.

शिफारसपत्र ज्या सरांनी तुमचा एखादा पेपर खरोखर वाचलाय त्यांच्याकडून घ्या. मोठ्या हुद्द्याचं कोरडं पत्र काही कामाचं नसतं.

मेल

सात-आठ ओळी पुरे. पहिल्या ओळीत कोण, दुसरीत कोणत्या तारखा, मग त्या संस्थेतल्या कोणत्या संशोधकाचं कोणतं काम वाचलं आणि तुमचा प्रश्न त्याला कुठे जोडला जातो. 'मला लहानपणापासून देशसेवेची आवड आहे' हे नको. देशसेवा मनात असू द्या. फाइलला 'फायनल-नवीन-२' असं नाव देऊ नका, स्वतःचं नाव द्या. मी एका संस्थेला पाठवलेल्या मेलमध्ये दुसऱ्या संस्थेचं नाव तसंच राहिलं होतं. उत्तराची वाट बघितली आठ दिवस; चूक दिसली नवव्या दिवशी. पाठवायच्या आधी मोठ्याने वाचायची सवय तेव्हापासून लागली.

दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा. पुन्हा पुन्हा नाही.

मुलाखत

फोनवर किंवा व्हिडिओवर, साधारण वीस मिनिटं. मला पहिलाच प्रश्न आला, "तिसऱ्या पानावरचा हा आकडा कुठल्या अहवालातला?" नंतर, "याच्या उलट कोणी म्हटलंय का?" स्वतः खपून लिहिलं असेल तर याचं उत्तर देता येतं. पाया पक्का असावा: सीमा सुरक्षा दल गृह मंत्रालयाकडे, तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाकडे, सागरी पोलीस राज्याकडे. एवढ्या साध्या गोष्टीत चाचपडणारे एम.ए. मी पाहिले आहेत. येत नसेल ते "माहीत नाही" म्हणून सांगा. फौजेतून आलेल्या माणसांना गोलगोल बोलणं ओळखता येतं.

पैसे आणि राहणं

बऱ्याच ठिकाणी मानधन नसतं किंवा नावापुरतं असतं. दोन महिन्यांचं भाडं, जेवण, मेट्रो यांचा हिशेब आधी घरी मांडा. दिल्लीत राव तुला राम मार्गाकडच्या संस्थांसाठी राहायला मुनिरका भाग सोयीचा. पहिल्या दोन-चार रात्रींसाठी पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात खोली मिळेल का, ते निघण्याआधी फोन करून विचारा. बडोद्याहून दिल्लीला रात्रीत नेणाऱ्या गाड्या आहेत, पण मे महिन्यात तिकीट आयत्या वेळी मिळत नाही. एवढा खर्च जमत नसेल तर गांधीनगर किंवा घरापासून जवळचा कारखाना निवडण्यात काहीच कमीपणा नाही.

तिथे गेल्यावर

पहिल्या दिवशी फोन कुठे न्यायचा, कुठे नाही, हे विचारून घ्या. पास गळ्यात घालून सेल्फी नको, आवाराचे रील तर मुळीच नकोत. १९२३चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे आणि त्यात प्रतिबंधित जागांचे नकाशे, चित्रं हे सगळं येतं. कारखान्यात तर जास्तच जपा: सीसीटीव्हीला कुठला कोपरा दिसत नाही याची यादी तुमच्याकडून करून घेतील, ती यादी तुमच्या खासगी मेलवर कधीही जाता कामा नये.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं डायरी लिहा: आज काय वाचलं, कोणाला काय विचारलं. पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शकाकडून विषय आणि शेवटी काय द्यायचं ते लेखी घ्या. नाहीतर दोन महिने चर्चासत्रांतल्या खुर्च्या मोजण्यात जातात. तिथला चहाही फार गोड असतो, पण त्याला इलाज नाही.

प्रमाणपत्र शेवटच्या दिवसावर ढकलू नका. त्यात तारखा, विषय, मार्गदर्शकाचं नाव आणि हुद्दा आहे ना, ते आदल्या आठवड्यात मसुदा बघून तपासा. एकदा पास गेटवर जमा झाला की चुकलेलं स्पेलिंग दुरुस्त करायला परत आत शिरता येत नाही.