साइडड्राफ्ट वेबरचं पेट्रोल प्रेशर: आयडलला लावा, फुल थ्रॉटलला तपासा

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या एस्टीमचं १२९८ सीसी इंजिन, हेडवर काम, मोठा कॅम आणि दोन वेबर ४० डीसीओई, म्हणजे आडवे बसणारे (साइडड्राफ्ट) कार्ब्युरेटर. अशा गाड्या घेऊन पोरं आमच्याकडे कोल्हापुरात येतात आणि तक्रार ठरलेली असते: "काका, टॉपला गाडी दम सोडते." बॉनेट उघडावं तर रेग्युलेटर, म्हणजे पेट्रोलचं प्रेशर ठरवणारा भाग, ६ पीएसआयला पिळलेला. अमेरिकेतल्या कुठल्यातरी व्ही-८ चा व्हिडिओ बघून केलेलं असतं. त्या व्हिडिओतला आकडा खोटा नाही, होली कंपनीच्या फोर-बॅरल कार्ब्युरेटरला ६-७ पीएसआय चालतं. पण डीसीओईला ३ पुरे, फार तर साडेतीन.

कार्ब्युरेटरला प्रेशर नको असतं, पेट्रोल हवं असतं. गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो तसंच इथे बाउलमध्ये (कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीत) तरंगणारा फ्लोट निडलला, म्हणजे टोकदार व्हॉल्व्हला, सीटवर दाबून धरतो आणि पेट्रोल थांबवतो. सीटचं भोक २ मिमीचं धरलं तर ३ पीएसआयला पेट्रोल निडलला साडेसहा ग्रॅमच्या आसपास जोराने ढकलतं, ६ ला तेरा. आकडा किरकोळ वाटेल, पण फ्लोटही हलकाच असतो. निडल बंद ठेवायला त्याला जास्त बुडावं लागतं, म्हणजे बाउलमधली लेव्हल चढते आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) न बदलता गाडी रिच होते, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं. त्याच्याही पुढे गेलात तर निडल बसतच नाही. आयडलला व्हेंचुरीतून (कार्ब्युरेटरच्या हवेच्या अरुंद गळ्यातून) थेंब गळतात, प्लग काळे पडतात, ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास येतो. असं ऑइल तसंच चालवू नका, बेअरिंगं जातील.

म्हणून रेग्युलेटरला हात लावण्याआधी फ्लोटची उंची बघा. कव्हर उभं धरायचं, फ्लोटची जीभ निडलच्या स्प्रिंगवाल्या गोळीला नुसती टेकली पाहिजे, गोळी दाबली जाता कामा नये. माप गॅस्केटसकट घ्या. पितळी आणि प्लास्टिक फ्लोटची मापं वेगळी असतात, तेव्हा आपल्या फ्लोटचं माप शोधून मगच जीभ वाकवा. दोन्ही कार्ब्युरेटर सारखे आले पाहिजेत.

आता पाइपिंग. टाकी, फिल्टर, पंप, रेग्युलेटर, गेज, कार्ब्युरेटर, हाच क्रम. पंप मागे टाकीजवळ आणि जमेल तितका खाली ठेवा. इलेक्ट्रिक पंपाला ढकलायला जमतं, ओढायला नाही. फॅसेट कंपनीचा रेड टॉप पंप लावला असेल तर तो सातच्या घरात प्रेशर काढतो, त्याला रेग्युलेटर लागणारच. एमपीएफआय (इंजेक्शनवाल्या) गाडीचा पंप 'घरात पडलाय' म्हणून लावू नका. तो इंजेक्टरसाठी असतो, ४० पीएसआयच्या आसपास दाबतो आणि साध्या रेग्युलेटरला ऐकत नाही. गेज ० ते १५ पीएसआयचं घ्या, ० ते १०० वाल्यावर ३ आणि ४ मधला फरक दिसत नाही. ग्लिसरीन भरलेलं सीलबंद गेज गरम इंजिनाजवळ खोटं बोलतं, त्यामुळे रीडिंग गार असताना घ्या. आणि पेट्रोलची नळी कधीही केबिनमध्ये आणायची नाही, गेज 'दिसावं' म्हणूनसुद्धा.

सेटिंगचं काम तसं पाच मिनिटांचं. अग्निशामक हाताशी ठेवा. लॉकनट सैल करा, रेग्युलेटरचा स्क्रू जवळजवळ पूर्ण बाहेर घ्या, मग इंजिन बंद ठेवून नुसता पंप चालू करा. बाउल भरले की काटा स्थिर होतो. एकही सांधा ओला दिसला तर तिथेच थांबा. सगळं कोरडं असेल तर गाडी स्टार्ट करून आयडलला स्क्रू हळूहळू आत घ्या आणि ३ वर या. पुढे गेलात तर नुसता उलटा फिरवून भागत नाही, कारण रिटर्न (जादा पेट्रोल टाकीकडे परत नेणारी नळी) नसलेल्या रेग्युलेटरमध्ये अडकलेलं प्रेशर लगेच उतरत नाही. पंप बंद करा, बाउल थोडा रिकामा होऊ द्या आणि पुन्हा खालूनच वर या.

बहुतेक जण इथे लॉकनट आवळून घरी जातात. आयडलला इंजिन पेट्रोल पितं किती? म्हणून आयडलचा प्रेशरचा आकडा फुल थ्रॉटलबद्दल काहीच सांगत नाही. गेज लांब नळीवर घेऊन विंडस्क्रीनच्या बाहेर, वायपरखाली पक्कं बांधा. डायनोवर (गाडीची ताकद मोजायच्या रोलरवर) किंवा ट्रॅकवर तिसऱ्या गियरमध्ये फुल थ्रॉटलने रेडलाइनपर्यंत ओढा, काटा शेजारी बसलेल्याने बघायचा. ३ चे अडीच झाले तर हरकत नाही. दीडच्या खाली गेला तर बाउल रिकामा होतोय.

आणि इथे रेग्युलेटर पिळायचा नाही. अडचण पुढे नसते, मागे टाकी-पंपाकडे असते. कार्ब्युरेटरजवळची नळी काढून डब्यात सोडा आणि मिनिटभर पंप चालवा, इंजिन पूर्ण गार आणि जागा मोकळी हवी. १०० हॉर्सपॉवरला फुल थ्रॉटलवर मिनिटाला साधारण अर्धा लिटर लागतं. रेग्युलेटरच्या पुढे लिटरभर मिळालं तर मी गप्प बसतो. कमी पडलं तर आधी टाकीचं झाकण उघडून पुन्हा मोजा, ब्रीदर (टाकीत हवा घेणारं भोक) तुंबलेला असतो हे फार वेळा निघतं. मग फिल्टर, मग पंपावरचं व्होल्टेज. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त पडत असेल तर रिले टाकून जाड वायर ओढा. नळी ८ मिमीची हवी. पंपाच्या वायरिंगमध्ये ऑइल प्रेशर स्विचही घाला, इंजिन बंद पडलं की पंप बंद.

२०२३ पासून ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यावर जुन्या रबरी नळ्या फुगून आतून सोलायला लागल्या आहेत आणि ते तुकडे थेट निडलखाली जाऊन बसतात. प्रेशर बरोबर असूनही गाडी ओव्हरफ्लो करत असेल तर आधी तिथे बघा. इथेनॉलला चालणारी नळी आणि व्हिटॉन (इथेनॉल सोसणारं रबर) टोकाची निडल, दोन्ही बदलून टाका.

एप्रिलमध्ये साखरप्याकडून आंबा घाट चढून वर चहाला थांबलात आणि नंतर गाडी स्टार्टच होत नाही, यात सेटिंगचा दोष नाही. तापलेल्या नळीत पेट्रोल फुगतं, निडल उचलतं आणि इंजिन फ्लड होतं. अशा वेळी पंप बंद ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. कायमचा इलाज म्हणजे टाकीकडे जाणारी रिटर्न लाइन. ती टाकली की प्रेशर पुन्हा लावावं लागतं.