मोटरसायकलची वायरिंग शिकताना: आधी मीटर, मग पाना

सेल्फ लागत नाही, लाइट मंद आहे, हॉर्न बसलाय. अशी गाडी आली की नवशिक्याचा हात पहिल्यांदा नवीन बॅटरीकडे जातो. बॅटरी बदलली की गाडी चार दिवस छान चालते, मग तीच तक्रार परत येते. ग्राहकाचे पैसे गेले आणि दोष होता तिथेच राहिला. मीटर लावल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

सामान फार लागत नाही. एक डिजिटल मल्टीमीटर, दोन वायरी जोडलेला 21 वॉटचा ब्रेक लाइटचा बल्ब, काँटॅक्ट क्लीनर, बारीक एमरी पेपर, क्रिंपिंगचा पक्कड आणि हीट श्रिंक नळी. या यादीतला तो साधा बल्ब मीटरइतकाच कामाचा आहे. का, ते पुढे येईलच.

सुरुवात मात्र बॅटरीपासूनच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गाडी काही तास बंद असताना लेड-ॲसिड बॅटरीच्या टर्मिनलवर 12.6 ते 12.8 व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. 12.4 म्हणजे साधारण पाऊण आणि 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. नुकतीच चालवून आणलेली गाडी खोटा, चढा आकडा दाखवते, म्हणून इग्निशन चालू करून ब्रेक दाबून मिनिटभर लाइट पेटता ठेवा आणि मग मोजा. आता मीटर तसाच ठेवून सेल्फ मारा. आकडा 9.5 ते 10 च्या वर टिकायला हवा. 12.5 वरून थेट 7-8 वर कोसळला तर बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासा. 5 अँपिअर-अवरची असेल तर अर्ध्या अँपिअरने, सावकाश. आणि सेल्फ फिरत नसतानाही आकडा 12 च्या वरच बसून राहिला, तर बॅटरीला दोष देऊ नका. करंट पुढे जातच नाही. सैल टर्मिनल, स्टार्टर रिले (सेल्फला करंट जोडून देणारा स्विच), क्लच स्विच, साइड स्टँड स्विच या क्रमाने बघा.

मग चार्जिंग. इंजिन चालू करून 4000-5000 आरपीएमला बॅटरीवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट यावेत. रेस वाढवूनही आकडा 12.5 लाच अडकला असेल तर दोष स्टेटर कॉइल (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल), तिचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) किंवा रेक्टिफायर-रेग्युलेटर (एसीचं डीसी करून व्होल्ट मर्यादेत ठेवणारा भाग) यात आहे. 15 च्या वर गेला तर बहुतेक वेळा रेक्टिफायर-रेग्युलेटर गेलेला असतो. अशा गाडीत बल्ब वारंवार उडतात आणि बॅटरीचं पाणी आटतं. थ्री-फेज गाडीत स्टेटरकडून बहुधा तीन पिवळ्या वायरी येतात. कपलर काढून दोन-दोनच्या तिन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स मोजा. तो अगदी थोडा, पण तिन्हीकडे सारखा हवा. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी टोकं टेकवून बघा आणि तेवढा वजा करा. तिन्हीपैकी एकाही वायरीची बॉडीशी कंटिन्युइटी (म्हणजे विजेची जोडणी) लागली तर कॉइल जळाली आहे. लागली नाही तर इंजिन चालू करून त्याच जोड्यांवर एसी व्होल्ट मोजा, रेसबरोबर ते तिन्हीकडे सारखेच वाढले पाहिजेत. लहान कम्यूटर गाड्यांत कॉइलची रचना वेगळी असते, तिथे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचे आकडे धरावेत. कपलरच्या पिना काळ्या पडल्या असतील तर फक्त पुसून चालणार नाही, पिना बदला. तापलेल्या पिनेचा ताण गेलेला असतो, ती पुन्हा तापणारच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वायरीच्या वीस तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. बल्ब लावला की खरं कळतं. म्हणून माप नेहमी लोड (बल्बसारखं करंट ओढणारं काही) चालू ठेवून घ्या. हेडलाइट पेटलेला असताना मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी हेडलाइटच्या अर्थला (बॉडीला जाणाऱ्या निगेटिव्ह वायरीला) लावा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीपासून होल्डरपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गळत असेल तर स्विच, इग्निशन लॉक किंवा एखादा कपलर ते खातोय. एकेक सांधा ओलांडत मोजत जा. जिथे आकडा उडी मारतो तिथेच दोष. अर्थची जागा घासून पत्रा चकचकीत करा, रंगावर आवळलेला बोल्ट काही कामाचा नाही.

हेडलाइटबद्दल एक कळकळीची सूचना. 35/35 वॉटच्या जागी 60/55 वॉटचा बल्ब घालून देऊ नका. 35 वॉट सुमारे 3 अँपिअर घेतो, 55 वॉट साडेचारच्या वर. मूळ वायर, स्विच आणि होल्डर तेवढ्यासाठी बनवलेले नसतात, होल्डर वितळतो. रिले घातला तरी लहान गाडीचं चार्जिंग पुरत नाही. जुन्या कम्यूटर गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटवर (इंजिनच्या कॉइलवर) चालायचा. तिथे रेसबरोबर प्रकाश कमी-जास्त होणं हा बिघाड नाही, हे ग्राहकाला समजावून सांगा. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना इंजिनबरोबर पेटणारा हेडलाइट सक्तीचा झाला, त्यामुळे त्यात स्विच शोधत बसू नका.

इंडिकेटर लावला की टेल लॅम्पही मिणमिणतो? मागचा अर्थ गेला. एकाच बाजूचा इंडिकेटर भराभर मारतो? त्या बाजूचा बल्ब गेलाय किंवा कमी वॉटचा बसवलाय. एलईडी बसवल्यावर असं झालं तर फ्लॅशर (इंडिकेटर मिचकावणारा रिले) एलईडीचा हवा.

फ्यूज पुनःपुन्हा उडत असेल तर त्याच्या जागी तार गुंडाळणं म्हणजे अख्खी वायरिंग जाळायला देणं. फ्यूज काढून तिथे तो 21 वॉटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर तो पूर्ण तेजाने पेटेल. मग एकेक कपलर सोडवत जा, ज्याने बल्ब मंदावला ती लाइन दोषी. हँडल दोन्ही टोकांना वळवून बघायला विसरू नका, कारण मानेपाशी वायरी सतत वाकतात आणि वरचं आवरण शाबूत असताना आतलं तांबं तुटतं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या गाड्यांत, कपलरच्या आत हिरवट थर साचतो. तो बाहेरून दिसत नाही, उघडूनच बघावा लागतो.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (नव्या प्रदूषण मानकाच्या) गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि सेन्सरच्या वायरींना हा टेस्ट बल्ब लावू नका, तिथे फक्त मीटर. इंजिन चालू असताना बॅटरी सोडवायची नाही. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी.