पहाटे परतायचं कसं, ते पाहून बेट निवडा

पार्टीसाठी भूमध्य समुद्रातलं बेट निवडताना आपण क्लबची नावं बघतो, आणि पैसे जातात पहाटेच्या टॅक्सीत. आधी नकाशावर क्लब शोधा, मग तिथून चालत पोहोचता येईल असं हॉटेल.

स्पेनच्या इबिझाला मुक्काम प्लाया दे'न बोसा या किनाऱ्यालगतच्या भागात करा. तिथला उघड्यावरचा उशुआया क्लब मध्यरात्रीपर्यंत आटोपतो. रस्ता ओलांडला की हाय इबिझा हा दुसरा क्लब, तो पहाटेपर्यंत चालतो. लांबच्या क्लबांसाठी उन्हाळ्यात रात्रभर डिस्कोबस असते. बजेट कमी असेल तर सरळ माल्टा: तिथल्या पाचेविल भागात क्लब एकमेकांना खेटून आहेत आणि बऱ्याच ठिकाणी प्रवेश फुकट. ग्रीसच्या मिकोनोसला टॅक्सी मोजक्याच, म्हणून गावातच राहा.

तिन्हीकडे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा एकच व्हिसा) चालतो.

इबिझाचे बहुतेक मोठे क्लब ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद होतात. विमानाचं तिकीट त्याआधीचं काढा.