‘टीकप’ पिल्लू घेण्याआधी: वजन, वय, दात आणि आई तपासण्याची रीत

कुत्र्याच्या जातीच्या नावापुढे ‘टीकप’ (म्हणजे चहाच्या कपात मावेल एवढं लहान), ‘मायक्रो’, ‘पॉकेट’ किंवा ‘इम्पीरियल’ असं काही लावलेलं दिसलं, तर तो शब्द विकणाऱ्याचा आहे, जातीचा नाही. एफसीआय (श्वानजातींचे निकष ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना), अमेरिकन केनेल क्लब, ब्रिटनचा केनेल क्लब यांपैकी कोणीही ‘टीकप’ नावाचा प्रकार मानत नाही. चिहुआहुआ ही मुळातच सर्वांत लहान जात. एफसीआयच्या निकषांत तिचं आदर्श वजन १.५ ते ३ किलो आहे आणि १ किलोच्या आतला कुत्रा प्रदर्शनातून बाद होतो. यॉर्कशायर टेरियरची वरची मर्यादा ३.२ किलो. म्हणजे मांडीवर मावणारा कुत्रा हवा असेल, तर नीट पैदास केलेला साधा चिहुआहुआ किंवा यॉर्की पुरेसा आहे. ‘पूर्ण वाढल्यावरही ८०० ग्रॅमच राहील’ असं सांगणारा एक तर खोटं बोलतोय, नाही तर आजारी जीव विकतोय.

हा लहानपणा येतो कुठून, ते आधी पाहू. काही जण वेतातली सर्वांत किरकोळ पिल्लं बाजूला काढून त्यांचीच एकमेकांशी पैदास करतात. पण पिल्लू किरकोळ राहण्यामागे अनेकदा जन्मजात दोष असतो: यकृताला बगल देणारी रक्तवाहिनी, मेंदूत साचणारं पाणी, हृदयाचा विकार. दोन दुबळे जीव जुळवले की हे दोष पुढच्या पिढीत पोचतात. काही जण पिल्लाला मुद्दाम अर्धपोटी ठेवतात. काही जण ६ आठवड्यांचं पिल्लू १२ आठवड्यांचं म्हणून विकतात. आणि काही ठिकाणी तर सगळी कमाल फक्त कॅमेऱ्याची असते.

फोटोवर म्हणूनच काही ठरवू नका. वरून, जवळून, वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि धड इवलंसं दिसतं. शेजारी ठेवलेला कप नेहमीच्या मापाचा आहे का, हेही फोटोवरून कळत नाही. व्हिडिओ कॉल करा, पिल्लू जमिनीवर चालताना दाखवायला सांगा आणि ग्रॅम दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते तुमच्यासमोर ठेवायला लावा. जन्मापासूनची दर आठवड्याची वजनं तारखेसह मागा. इतक्या लहान जातीत ४० ग्रॅमची घटसुद्धा गंभीर असते, त्यामुळे नीट काळजी घेणाऱ्या ब्रीडरकडे ही वही असतेच. नसेल, तर तिथून निघा.

आता हिशेब. टॉय जातींत (चिहुआहुआ, यॉर्कीसारख्या अगदी लहान जातींत) १२ आठवड्यांच्या वजनाच्या दुपटीहून थोडं जास्त, हा प्रौढ वजनाचा ढोबळ अंदाज असतो, तर ८ आठवड्यांच्या वजनाची साधारण तिप्पट. पिल्लू ७०० ग्रॅमचं आहे आणि खरोखर १२ आठवड्यांचं आहे, तर ते दीड किलोच्या आसपास थांबेल. तेच पिल्लू प्रत्यक्षात ८ आठवड्यांचं असेल, तर २ किलोच्या पुढे जाईल. वय चार आठवड्यांनी फुगवलं की साधं, निरोगी पिल्लूही ‘टीकप’ ठरतं. नुकसान एवढ्यावर थांबत नाही, कारण आईपासून इतक्या लवकर तोडलेलं पिल्लू नीट खायला शिकलेलं नसतं आणि नव्या घरी पहिल्याच आठवड्यात कोसळू शकतं. कोणतंही पिल्लू ८ आठवड्यांच्या आत घेऊ नये. टॉय जातींत १२ आठवडे थांबणं शहाणपणाचं.

वयाचा पुरावा तोंडात असतो. दुधाचे पुढचे दात आणि सुळे साधारण ३ ते ५ आठवड्यांत येतात, दाढा त्यानंतर, आणि ८ आठवड्यांच्या सुमारास एकूण २८ दात होतात. टॉय जातींत याला एखाद-दोन आठवडे उशीर होतो. तरीही १२ आठवड्यांचं म्हणून दाखवलेल्या पिल्लाच्या मागच्या हिरड्या रिकाम्या असतील, तर वय खोटं असण्याची शक्यता मोठी. उलट बाजूही तपासा. दुधाचे पुढचे दात चौथ्या महिन्यापासून पडू लागतात. ‘सात महिन्यांचा, आता वाढणार नाही’ म्हणून दाखवलेल्या कुत्र्याला एकही पक्का दात नसेल, तर तो सात महिन्यांचा नाही.

आईबद्दल मात्र जाहिरात उलटी वाचावी. ‘आईबाप दोघंही टीकप’ हे मोठ्या अभिमानाने लिहिलेलं असतं, आणि आमच्या मते व्यवहार तिथेच थांबवायला हवा. फार लहान मादीची कटी अरुंद असते, पिल्लांची डोकी मात्र गोल आणि मोठी. पिल्लू अडकतं, सिझेरियन करावं लागतं, आणि भूल इतक्या लहान देहाला जड जाते. जबाबदार ब्रीडर जातीतल्या अंगाने भरलेल्या माद्यांकडूनच पैदास करतात. आईचं वजन, वय, किती वेळा व्यायली, किती सिझेरियन झाली, हे थेट विचारा आणि तिला प्रत्यक्ष पाहा. आईबापांची गुडघ्याची वाटी, हृदय आणि डोळे एक वर्षाच्या वयानंतर पशुवैद्याने तपासल्याचे कागद मागा. ‘व्हेटने बघितलंय’ एवढं पुरत नाही.

पिल्लू हातात घेतल्यावर फासळ्यांवरून बोटं फिरवा. हाडं टोचत असतील, तर ते लहान नाही, उपाशी आहे. डोक्यावरची टाळू चाचपा. चिहुआहुआत लहानशी उघडी टाळू बऱ्याचदा आढळते आणि तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. पण टाळू मोठी, कपाळ घुमटासारखं फुगलेलं, बुबुळं खाली-बाहेर वळलेली आणि पिल्लू एकाच दिशेने गोल फिरत असेल, तर मेंदूत पाणी असल्याची शंका घ्यावी. टाळूतूनच सोनोग्राफी करून ते पाहता येतं. जेवल्यावर गुंगणारं, अडखळणारं, वाढ खुंटलेलं पिल्लू, विशेषतः यॉर्की किंवा माल्टीज, यकृताच्या त्या चुकीच्या रक्तवाहिनीचं असू शकतं. त्यासाठी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी रक्तातली पित्ताम्लं मोजतात. एवढ्याशा पिल्लाला उपाशी ठेवणं धोक्याचं असल्याने ते घरी करू नका, दवाखान्यातच होऊ द्या.

लेखी हमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ‘दोष निघाल्यास पिल्लू बदलून मिळेल’ याचा अर्थ तुम्ही जीव लावलेलं पिल्लू परत द्यायचं. कोणी परत देत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. जन्मजात दोषांसाठी किमान एक वर्षाची मुदत, निदान तुमच्या पशुवैद्याचं, आणि पिल्लू न परत करता उपचारखर्चात वाटा, एवढं मागा.

असं पिल्लू घरी आलेलंच असेल, तर सर्वांत मोठा धोका रक्तातली साखर उतरण्याचा. यकृत एवढंसं, साठा कमी, अंगातली उष्णता झपाट्याने जाते. चार महिन्यांचं होईपर्यंत दर ३-४ तासांनी खाऊ घाला, सुरुवातीला रात्रीसुद्धा. मलूल होणं, झोकांड्या, थरथर, थंड पडणं, झटके ही लक्षणं. रक्तातली साखर ६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की ती धोक्याची. लगेच मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी हिरड्यांवर चोळा, किलोभर वजनाला साधारण १ मिली. बेशुद्ध पिल्लाच्या घशात काहीही ओतू नका, फुफ्फुसात जाईल. झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) असलेला पदार्थ चुकूनही देऊ नका, त्याने साखर आणखी कोसळते. फडक्यात गुंडाळून ऊब द्या आणि दवाखाना गाठा. शुद्धीवर आलं तर थोडं अन्नही द्या, नुसत्या गोडाने साखर चढून पुन्हा उतरते.

पुढच्या पायाचं हाड मनगटाजवळ बारीक असतं, तिथे रक्तपुरवठा कमी, त्यामुळे सोफ्यावरून मारलेल्या उडीत मोडलेलं हाड लवकर जुळत नाही. सोफ्याला पायरी लावा. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा, या जातींची श्वासनळी दाबली जाऊन चपटी होते. नसबंदी करून घ्या, या कुत्र्याकडून वेत घेऊ नका. भूल देण्याआधी किती तास उपाशी ठेवायचं ते पशुवैद्याला नेमकं विचारा, कारण मोठ्या कुत्र्यासारखी रात्रभराची उपासमार याला झेपत नाही. न पडलेले दुधाचे सुळे त्याच भुलीत काढून घ्यावेत, म्हणजे दुसऱ्यांदा भूल द्यावी लागत नाही.